नाव सापडत नाही

पोलादपुरात राहणाऱ्या माणसाने इतिहासावर लिहायचे म्हणजे शिवकालावरच लिहायचे, असा एक अलिखित संकेत आहे. त्यात वावगे काहीच नाही. कवींद्र परमानंदांची समाधी आमच्या गावात, तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ आमच्या तालुक्यात, आणि आंबेनळी घाट चढू लागले की प्रतापगडाची वाट. परंतु आज हा संकेत मोडून मी एका निराळ्याच इतिहासाकडे वळणार आहे. त्याला अवघी पाऊणशे वर्षे झाली आहेत. त्यात गड नाहीत, लढाया नाहीत. आहे ते एका तक्रारीचे चरित्र. ही तक्रार गणकयंत्र करते. इंग्रजीत तिचे शब्द ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असे आहेत. तिचा मराठी अर्थ मी असा करतो: तुम्ही ज्याचा उल्लेख केलात, त्याचे नाव मला कोठे सापडत नाही.

ही तक्रार माझ्या घरी आली ती पावसाच्या पायी. १९८९ पासून मला अंगणातला पाऊस मोजण्याचा छंद आहे. पत्र्याचे एक भांडे, मोजपट्टी आणि शाळेतली दोनशे पानी वही एवढीच सामग्री. मी गणिताचा मास्तर; निवृत्तीनंतरही हा रिवाज सुटला नाही. २०२१ च्या जुलैत तळियेचा डोंगर खाली आला, महाड पाण्यात गेले, आणि त्यानंतर जो भेटेल तो एकच प्रश्न विचारू लागला : “मास्तर, पाऊस वाढलाय का हो?” माझ्या वह्यांत याचे काही उत्तर असेल तर ते काढावे, असे मनात घोळत होते. एका सुट्टीत भाची घरी आली. ती अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. “मामा, या वह्या एखाद्या पुरात गेल्या तर? आपण हे सगळं संगणकात घालू,” असे म्हणून तिने आकडे भरायला घेतले. दर वर्षी एका दिवसात जास्तीत जास्त किती पाऊस पडला ते काढायचे आणि त्या आकड्यांतून एक सरळ रेषा ओढून ती चढते की उतरते ते पाहायचे, असा बेत ठरला.

रेषा ओढण्याचे गणित तिला नव्याने लिहावयाचे नव्हते. ते तयार मिळते. ‘सी’ या भाषेत लिहिलेले ‘जीएसएल’ नावाचे एक शास्त्रीय गणिताचे भांडार आहे. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस येथील मार्क गलासी आणि जेम्स थायलर यांनी त्याची सुरुवात केली, आणि ते कोणालाही फुकट वापरता येते. अशा भांडाराला इंग्रजीत लायब्ररी म्हणतात. तिने तीस-चाळीस ओळी लिहिल्या, यंत्राला आज्ञा दिली, आणि पहिली तक्रार आली : ‘जीएसएल-फिट’ या नावाचे हेडर सापडत नाही.

येथे थोडे मागे जाऊन सांगितले पाहिजे. माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरविणाऱ्या कार्यक्रमाला कंपायलर म्हणतात. मराठी पुस्तकांत त्याला ‘संकलक’ हा शब्द रूढ आहे. हा संकलक एका वेळी एकच फाईल वाचतो. दुसऱ्याच्या भांडारातले कृत्य वापरायचे असेल, तर ‘या नावाचे एक कृत्य आहे, ते अमुक प्रकारचे आकडे घेते आणि अमुक प्रकारचा आकडा परत देते’ एवढी ओळख त्याला आधी करून द्यावी लागते. ती ओळख असते हेडर नावाच्या फाईलीत. लग्नपत्रिकेवर पाहुण्यांची नावे छापतात तशी ही यादी. यादीत नाव छापले म्हणून पाहुणा मांडवात आला असे होत नाही; पण यादीच हाती नसेल तर दारावरच्या माणसाने कोणाचे स्वागत करावे?

आमची ही पहिली अडचण सोपी होती. लिनक्सचे वाटप करणारे लोक भांडाराचे दोन गठ्ठे करतात : एक तयार कार्यक्रम चालविणाऱ्यांसाठी, दुसरा नवे कार्यक्रम लिहिणाऱ्यांसाठी. हेडर असतात ते दुसऱ्यात, आणि तो तिच्याजवळ नव्हता. त्या दोन दिवसांत पावसाने नेट बंद. शेवटी महाडच्या मैत्रिणीकडून पेनड्राइव्हवर भांडाराची मूळ प्रत आली, ती यंत्रावर बांधून बसविली, आणि संकलक मुकाट्याने पुढे गेला. मग दुसरी तक्रार आली. ‘जीएसएल-फिट-लिनियर’ : अनडिफाइन्ड रेफरन्स.

“मामा, आत्ताच तर याला नाव दाखवलं! आता पुन्हा सापडत नाही म्हणतोय.”

तिचा संताप रास्त होता; पण ज्याने नाव पाहिले तो निराळा आणि जो आता बोलत होता तो निराळा. संकलकाचे काम संपले होते. त्याने मजकुराचे भाषांतर करून जेथे परक्या कृत्याला हाक मारायची तेथे जागा मोकळी सोडली होती. त्या मोकळ्या जागांत खरे पत्ते भरणारा तो लिंकर. माझ्या लक्षात आले की तीन वर्षे सी शिकलेल्या या मुलीची लिंकरशी आजवर गाठच पडलेली नव्हती.

त्यालाही एक इतिहास आहे, आणि तो आपल्याच प्रांतातला आहे. १९८७ मध्ये बोरलँड कंपनीने ‘टर्बो सी’ बाजारात आणले. महाराष्ट्रातल्या कितीतरी महाविद्यालयांत त्याच्या निळ्या पडद्यावर विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक त्यांच्या हातात असे. जग पुढे गेले तरी तो निळा पडदा गेल्या दशकापर्यंत अनेक प्रयोगशाळांत टिकून होता. टर्बो सी लेकुरवाळ्या आईसारखे वागे. गणिताचे भांडार ते न सांगता जोडून देई. फक्त चित्रे काढायची झाली की पर्यायांच्या यादीत एका ठिकाणी खूण करावी लागे. ती विसरली तर ‘इनिटग्राफ’ हे नाव, पुढे एक अधोरेषा लावून, अज्ञात म्हणून पडद्यावर येई. खूण करायची हे मुलांना पाठ होते. ती का करायची, हे फारसे कोणी विचारीत नसे. आमच्या भागातल्या एका महाविद्यालयात भाची शिकली तीही अशीच. पुस्तके या बाबतीत मुकी नव्हती. आय. आय. टी. मुंबईचे प्रा. धनंजय धामधेरे यांनी सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगवर लिहिलेल्या पुस्तकात लिंकरांचे विवेचन आहे, आणि ते देशभर अभ्यासले गेले. पण पुस्तकातला लिंकर आणि रात्री दहा वाजता अडवून धरणारा लिंकर यांची ओळख पटायला वेळ लागतो.

लिंकरचा जन्म शोधायचा तर १९४७ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी अमेरिकेत एका परिषदेत जॉन मॉकली यांनी असा विचार मांडला की नेहमी लागणारी गणिते फितींवर साठवून ठेवावीत, आणि हवी ती निवडून मुख्य कार्यक्रमाबरोबर यंत्रात भरावीत. मात्र दर वेळी ती निराळ्या जागी बसणार, म्हणून त्यांतले पत्ते बदलावे लागतील. लिंकरचे सारे मर्म या दोन वाक्यांत आहे. ते कृतीत आणले केंब्रिजने. ६ मे १९४९ रोजी तेथे मॉरिस विल्क्स यांचे ‘एडसॅक’ हे यंत्र चालू झाले. तयार कृत्यांच्या भोके पाडलेल्या कागदी फिती तेथे कपाटात ठेवलेल्या असत. ज्याला जे कृत्य हवे त्याने त्याची फीत काढायची, तिची नक्कल आपल्या फितीवर पाडून घ्यायची, आणि मूळ फीत जागच्या जागी ठेवायची. भांडार खरोखरच कपाट होते आणि जोडणारा खरोखरच माणूस होता. पत्ते बदलण्याचे काम डेव्हिड व्हीलर या तरुणाने अवघ्या ४१ आज्ञांत बसविले. १९५१ मध्ये विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांचे या विषयावरचे पुस्तक निघाले. ते या विद्येचे पहिले पाठ्यपुस्तक मानले जाते.

याच विल्क्सनी पुढे आठवणींत लिहून ठेवले आहे की १९४९ च्या उन्हाळ्यात एकदा जिना चढताना त्यांना अचानक जाणवले, आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराचसा भाग आपल्याच कार्यक्रमांतल्या चुका शोधण्यात जाणार आहे. मी हे भाचीला सांगितले. ती तेव्हा हसली नाही. पण तिचा चेहरा थोडा सैल झाला. आपल्याला आले नाही म्हणून ही चूक झाली, असे तिला वाटत होते. हे शास्त्र निर्माण करणाराही याच जिन्यावर अडला होता, ही गोष्ट तिला नवीन होती.

आता एक मौज पाहा. १९५२ च्या सुमारास अमेरिकेत ग्रेस हॉपर यांनी युनिव्हॅक यंत्रासाठी ‘ए-झिरो’ नावाचा कार्यक्रम तयार केला. कृत्यांचे क्रमांक द्यायचे. तो कार्यक्रम फितीवरून ती कृत्ये गोळा करून एकत्र बांधून देई. या गोळा करण्याला त्यांनी कंपाइल करणे म्हटले, आणि तेथूनच कंपायलर हा शब्द चालू झाला. म्हणजे पहिला कंपायलर वास्तविक आजच्या लिंकरचे काम करीत होता. पुढे १९५७ मध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आय. बी. एम. ७०४ या यंत्रासाठी फोरट्रान आणले, आणि कंपायलर म्हणजे भाषांतरकार असा अर्थ पक्का झाला. इंग्रजीत त्या शब्दाचा जुना अर्थ विरून गेला. पण आपल्या ‘संकलक’ शब्दात तो जसाच्या तसा उरला आहे, कारण संकलन म्हणजे गोळा करणेच. १९५८ च्या दुसऱ्या फोरट्रानमध्ये कार्यक्रमाचे तुकडे वेगवेगळे भाषांतरित करून नंतर जोडण्याची सोय झाली, आणि भाषांतर व जोडणी ही दोन कामे सामान्य प्रोग्रॅमरच्या आयुष्यातही वेगळी झाली.

हे वारे मुंबईलाही पोचले होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९५६ मध्ये प्रायोगिक आणि १९६० मध्ये पूर्ण आकाराचे गणकयंत्र तयार झाले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्याची स्मृती २०४८ शब्दांची होती. आज खिशातल्या फोनवरचे एक लहानसे चित्रही तीत मावणार नाही. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले आणि फोरट्रानचा वापर वाढला. त्या काळी भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीवर देऊन निकालाची वाट पाहायची असे. एखादे नाव चुकले की निकालाच्या जागी तक्रारीचा कागद हाती येई. भाचीला तीच तक्रार निमिषात मिळत होती, आणि ती वैतागत होती.

असो. आमच्या लिंकरला जीएसएल कोठे आहे हे सांगायला हवे होते. आज्ञेत उणे चिन्ह, एल हे अक्षर आणि पुढे भांडाराचे नाव लिहितात. तिने ते लिहिले, पण स्वतःच्या फाईलीच्या आधी. तक्रार तीच. मग स्वतःच्या फाईलीच्या नंतर लिहिले, तेव्हा ती नाहीशी झाली. “हा काय चावटपणा?” ती म्हणाली. हा चावटपणा नाही, गरिबीची खूण आहे. बेल प्रयोगशाळेत युनिक्स जन्मले तेव्हा, १९७१ च्या पहिल्या आवृत्तीतच, लिंकर आणि भांडार बांधणारा कार्यक्रम हे दोन्ही होते. डेनिस रिची यांची सी भाषा १९७२ च्या सुमारास आकाराला आली. पीडीपी-११ या यंत्रावर एका कार्यक्रमाला एका वेळी ६४ किलोबाइटच जागा दिसे. एवढ्या जागेत लिंकर सगळी भांडारे मनात धरून बसू शकत नसे. तो डावीकडून उजवीकडे एकदाच चालत जाई. वाटेत ज्या नावांची मागणी आधी नोंदलेली असेल तेवढीच भांडारातून उचली, आणि मागे वळून पाहत नसे. मागणी नोंदविण्यापूर्वीच दुकान ओलांडले तर माल मिळणार कोठून? आज जागेची ददात नाही, पण चाल तीच राहिली; आणि सामायिक भांडारांच्या बाबतीतही २०११ पासून उबुंटूने न लागणारे भांडार गाळण्याची रीत घातल्यामुळे क्रमाला पुन्हा महत्त्व आले.

आता तिसरी तक्रार. जीएसएल सापडले, पण त्यालाच लागणारी ‘सीब्लास’ने सुरू होणारी नावे सापडेनात. पडदाभर ओळी. हे ब्लास म्हणजे १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेली सदिशांच्या गणिताची फोरट्रानमधली कृत्ये. त्यांची नावे ‘डीअ‍ॅक्सपी’ अशी तुटक, कारण जुन्या फोरट्रानमध्ये नाव सहा अक्षरांपेक्षा मोठे चालत नसे. सीच्या १९८९ च्या प्रमाणीकरणातही फाईलीबाहेर दिसणाऱ्या नावांतली पहिली सहाच अक्षरे ओळखली जातील, अशी हमी होती. जुन्या लिंकरांना त्याहून जास्त पेलत नव्हते. जीएसएलच्या कर्त्यांनी हा भाग मुद्दाम वेगळा ठेवला, म्हणजे ज्याला आपल्या यंत्राला योग्य असा जलद सीब्लास लावायचा असेल त्याला तो लावता यावा. स्वातंत्र्य दिले, त्याची किंमत म्हणून एक नाव जास्त लिहावे लागते. जीएसएल, मग जीएसएलसीब्लास, आणि शेवटी गणिताचे भांडार म्हणून नुसते एम : या क्रमाने तीन नावे लिहिली आणि लिंकर गप्प झाला.

कार्यक्रम चालवला, आणि चौथी तक्रार : सामायिक भांडाराची फाईल उघडता येत नाही. आता बोलणारा तिसराच होता. पूर्वी भांडारातला मजकूर उचलून कार्यक्रमातच चिकटवीत, एडसॅकच्या फितीसारखे. पण दहा कार्यक्रमांत एकाच मजकुराच्या दहा नकला कशाला? १९६० च्या दशकात मल्टिक्स या प्रणालीने कार्यक्रम चालू असताना जोडणी करण्याची कल्पना राबविली. १९८८ मध्ये सन कंपनीच्या युनिक्समध्ये सामायिक भांडारे आली, आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली. तेव्हापासून जोडणीचे शेवटचे काम कार्यक्रम सुरू होतानाच होते. आमचे भांडार नव्या खोलीत ठेवलेले आणि यंत्राच्या नोंदवहीत त्या खोलीची नोंद नाही, असा प्रकार झाला होता. ‘एलडीकॉन्फिग’ ही आज्ञा देऊन नोंदवही ताजी केली. रात्री साडेअकराला पडद्यावर आकडे उमटले.

रेषा जवळजवळ सपाट होती. पाऊस वाढलेला नाही! भाची खूश झाली. आणि मी, खरे सांगतो, मनातून सुखावलो. सकाळी चौकात जाऊन काय सांगायचे, ते मी जुळवूही लागलो होतो.

निजण्यापूर्वी सवयीने वर्षावार यादीवरून नजर फिरवली. २००५ सालचा सर्वांत मोठा पाऊस यंत्राने ऑगस्टातला दाखविला होता. त्या वर्षी जुलैच्या २५ आणि २६ तारखांना काय झाले ते या खोऱ्यातला कोणीही माणूस विसरणार नाही; दासगाव, जुई येथे डोंगर घरांवर आले ते तेव्हाच. २०२१ पाहिले. २२ जुलै : शून्य. ज्या दिवसांनी माणसे गाडली तेच दिवस आमच्या यंत्राने कोरडे ठरविले होते.

वही काढली. त्या तारखांपुढे आकडा नव्हताच. माझ्याच हातचे शब्द होते : ‘भांडे भरून वाहिले.’ भाचीने ते प्रामाणिकपणे जसेच्या तसे उतरवून घेतले होते. मजकुराचा आकडा करण्यासाठी तिने सीच्या प्रमाण भांडारातले ‘एटूआय’ हे जुने कृत्य वापरले होते. त्याची रीत अशी, की अंक दिसेल तोपर्यंत वाचायचे आणि अंकच नसेल तर शून्य द्यायचे. खरे शून्य आणि न सापडलेला आकडा यांत त्याला भेद करता येत नाही. त्याला अंक म्हणजे इंग्रजी अंकच कळतात. मी वहीत लिहितो ते देवनागरी अंक तिने तसेच ठेवले असते, तर सगळीच वर्षे कोरडी झाली असती.

या चुकीबद्दल संकलकाने तक्रार केली नाही, लिंकरने केली नाही. त्यांच्या दृष्टीने सर्व यथास्थित होते : नाव होते, त्या नावाचे कृत्य सापडले, जोडले गेले. लिंकर नाव पाहतो, अर्थ पाहत नाही. सीच्या सुरुवातीच्या काळात तर ओळख करून न देता कृत्य वापरले तरी ते पूर्णांक देते असे संकलक गृहीत धरी. वर्गमूळ पूर्णांक समजून वाचले जाई, जोडणी बिनबोभाट होई आणि उत्तर भलतेच येई. हे टाळण्यासाठी बेल प्रयोगशाळेतच स्टीफन जॉन्सन यांनी ‘लिंट’ हा परीक्षक लिहिला, आणि १९८९ च्या प्रमाणीकरणात कृत्याची पूर्ण ओळख आधी देण्याची रीत आली. ज्या तक्रारींवर आम्ही अख्खा दिवस चरफडलो त्या अशा चुकांतून शिकून कोणीतरी घातलेल्या होत्या. जेथे तक्रार घातलेली नव्हती तेथे आम्ही फसलो.

दुसऱ्या दिवशी तिने ‘एटूआय’ काढून ‘एसटीआरटूएल’ हे कृत्य घातले. ते वाचन कोठे थांबले तेही सांगते, म्हणून अंक सापडला नाही हे कळते. त्या ठिकाणी कार्यक्रमाने थांबावे आणि बोलावे, असे तिने केले. काय बोलावे ते मला विचारले. मी सांगितले ते तिने देवनागरीतच लिहिले.

सपाट रेषा आम्ही पुसून टाकली. त्या दोन दिवसांचा पाऊस भांड्याच्या उंचीपेक्षा जास्त होता, एवढेच मला ठाऊक आहे; त्याहून जास्त माझ्या वहीला ठाऊक नाही, आणि एका अंगणातल्या एका भांड्यावरून साऱ्या खोऱ्याचा निवाडा होत नाही. चौकात कोणी विचारले तर मी तसेच सांगतो. लोकांना ते आवडत नाही. नवे भांडे मात्र जुन्याच्या दुप्पट उंचीचे करून घेतले आहे. कार्यक्रम चालविला की २००५ पाशी तो आजही थांबतो, आणि पडद्यावर ओळ उमटते : नोंद सापडत नाही, मास्तरांना विचारा.